अध्यक्षांच्या घराचा विमा

आमच्या राज्याच्या विमा खात्यात मला नोकरी लागली आणि मराठी मंडळातल्या लोकांनी माझ्यापासून चार हात लांब बसायला सुरुवात केली. दिवाळीच्या जेवणात मी ताट घेऊन ज्या टेबलाशी जाई, तिथली माणसं एकेक करून पाणी आणायला उठत. त्या हॉलमधल्या नळावर एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. शेवटी एका भल्या बाईंनी धीर करून सांगून टाकलं, "हे बघ, आमच्या दोघांची पॉलिसी ऑलरेडी आहे हं. यांच्या कंपनीतूनच मिळते."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. मी पर्समधून फॉर्म काढीन आणि गुलाबजाम तोंडात असतानाच त्यांना वारसाचं नाव विचारीन, अशी सगळ्यांना धास्ती होती. मी म्हटलं, "मी विमा विकत नाही हो. घराचा विमा देणाऱ्या कंपन्या लोकांना छळतात, तेव्हा लोक सरकारकडे तक्रार करतात. त्या तक्रारी मी वाचते."

"म्हणजे सरकारी कारकून?"

"तसंच."

"असं होय!" बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या वाटीत एक जादा गुलाबजाम घातला. अमेरिकेत येऊन कारकून झालेल्या बाईसाठी याहून जास्त काय करणार?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नवऱ्यानं स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात मातीच्या परीक्षणात पीएचडी केली होती. तिथे चार वर्षं आम्ही आणखी एका जोडप्याबरोबर दोन खोल्यांची अपार्टमेंट वाटून राहिलो. मग राज्याच्या राजधानीत एका सरकारी प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. मी नागपूरहून एलएल.बी. करून आले होते. त्या पदवीचा इथे काडीचाही उपयोग नव्हता, पण टायपिंग येत होतं आणि कायद्याची इंग्रजी वाक्यं वाचून झोप येत नव्हती. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा दिली, पास झाले आणि तक्रार विभागात जाऊन बसले.

विभागाची प्रमुख साठीला टेकलेली एक कृष्णवर्णीय बाई होती. डोळ्यांवर बशीएवढ्या काचांचा चष्मा, ड्रॉवरमध्ये कायम शेंगा. पहिल्या दिवशी तिनं माझ्यापुढे कायद्याची प्रत टाकली आणि म्हणाली, "यातली चार पानं पाठ कर. बाकीची वकिलांची पोटं भरायला आहेत."

त्या चार पानांत काय होतं, ते मला अजून तोंडपाठ आहे. माणूस स्वतःच्या घरात राहतोय, हप्ते वेळेवर भरतोय, तर कंपनीला लहर आली म्हणून त्याचा विमा बंद करता येत नाही. बंद करायचाच असेल तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं, आणि कारण नेमकं द्यायचं. 'आमच्या धोरणात बसत नाही' हे कारण नव्हे. माणूस कुठल्या भागात राहतो, हेही कारण नव्हे. आणि ज्याला असं पत्र येईल त्यानं दहा दिवसांच्या आत आमच्याकडे फेरतपासणी मागायची.

"भागाचं वेगळं का लिहावं लागलं?" मी विचारलं.

तिनं एक शेंग फोडली. "मी लहान असताना आमच्या गल्लीत विम्याचा एजंट आला होता. घरांकडे बघितलंच नाही त्यानं. आमच्याकडे बघितलं आणि गाडी वळवून गेला."

मला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. वस्तीचं नाव ऐकल्यावर समोरच्याचं तोंड कसं बदलतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. सात समुद्र ओलांडल्यावर तेच तोंड पुन्हा बघायला मिळेल, असं मात्र वाटलं नव्हतं. ते मिळालं पुढच्याच वर्षी, गणपतीत.

आम्ही बौद्ध. गणपतीला जायचो ते मराठी ऐकायला, आणि नवऱ्याच्या बाबतीत खरं सांगायचं तर मोदकांसाठी. आम्ही कोण ते आम्ही लपवत नव्हतो, पण कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्याच काकू, माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तू मूळची कुठली गं?"

"नागपूर."

"अय्या! माझी मावसबहीण असते नागपूरला. धरमपेठेत. तू कुठे?"

"इंदोऱ्यात."

काकू "अच्छा" म्हणाल्या. त्या 'अच्छा'ला लांबलचक शेपूट होतं. ज्याला नागपूर ठाऊक आहे त्याला इंदोरा सांगितला की आडनाव विचारायचे कष्ट वाचतात. काकू आणखी दोन मिनिटं बसल्या, माझ्या साडीचा पोत चांगला आहे म्हणाल्या, आणि प्रसाद वाटायला म्हणून उठल्या.

मंडळाचे कार्यक्रम कळवायला फोनची साखळी होती. पहिल्या घरानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्या गणपतीनंतर आमचा फोन वाजेनासा झाला.

"फोन बिघडला काय, पाहा बरं," नवरा म्हणाला.

मी उचलून पाहिला. टोन ठणठणीत होता.

पुढे किराणा दुकानात एकजण भेटले. "कोजागिरीला आला नाहीत?" मी म्हटलं, कळलंच नाही. "अरे अरे! साखळीची कडी कुठेतरी तुटली असणार." ती तुटलेली कडी पुढची दोन वर्षं कुणाला सापडली नाही. नवऱ्यानं मोदक घरी करून पाहिले. ते इतके वाईट झाले की त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्या दोन वर्षांत अध्यक्षांनी घर बदलल्याचं कानावर आलं. बाकीची मराठी मंडळी शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत, एकाच साच्यातून काढल्यासारख्या घरांत राहत होती. अध्यक्षांनी नदीजवळच्या जुन्या भागात तीन मजली दगडी घर घेतलं. रंगीत काचांच्या खिडक्या, सागवानासारखं दिसणारं लाकूड, तळघरात शंभर माणसं बसतील एवढी जागा. "पेशवाई थाट आहे आमचा," असं ते सांगत. एवढं घर एवढ्या स्वस्तात कसं मिळालं, हे त्यांनी विचारलं नसावं, किंवा विचारलं असावं आणि उत्तर सोयीचं वाटलं असावं. त्या गल्लीत बाकी सगळी घरं कृष्णवर्णीय लोकांची होती.

एका रविवारी दुपारी फोन वाजला.

"अगं, काकू बोलतेय. किती दिवसांत दिसली नाहीस!"

"इथेच आहे, काकू."

"आज चहाला येऊ का आम्ही? यांना तुझ्याशी जरा बोलायचंय."

तासाभरात दोघं हजर. काकूंच्या हातात चकल्यांचा डबा होता, अध्यक्षांच्या हातात लिफाफा. आमच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला तो फोटो, जो आमच्याकडच्या प्रत्येक घरात असतो. अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं. मग बराच वेळ पडद्यांकडे पाहिलं.

"पडदे छान आहेत," ते म्हणाले.

"सेलमधले आहेत," नवरा म्हणाला.

मी लिफाफा उघडला. विमा कंपनीचं पत्र होतं, एका वाक्याचं. आपली मालमत्ता आमच्या निकषांत बसत नसल्यामुळे पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही. खाली तारीख, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत फेरतपासणीचा हक्क.

"हे केव्हा आलं?"

"झाला की आठवडा," अध्यक्ष म्हणाले.

"आठवडा म्हणजे नेमके किती दिवस, काका?"

"आठ," काकू म्हणाल्या. "गेल्या शनिवारी आलं. मीच पेटीतून काढलं."

"मग आठ दिवस काय केलंत?"

अध्यक्ष ताठ बसले. "मी थेट त्यांच्या प्रेसिडेंटला पत्र टाकलंय. म्हटलं, प्रेसिडेंटनं प्रेसिडेंटशी बोलावं."

नवऱ्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं आणि अध्यक्षांना सांगितलं की मुदत दहा दिवसांची आहे, मंगळवारी संपते. मुदत गेली तर आमच्या खात्याला काही करता येणार नाही. घरावर कर्ज आहे, त्यामुळे विमा नसला तर बँक गप्प बसणार नाही. ती तिच्या पसंतीचा महागडा विमा तुमच्या गळ्यात बांधेल, नाहीतर कर्ज परत मागेल.

अध्यक्षांचा रंग उतरला. पण आवाज उतरला नाही. "कारण काय ते मला ठाऊक आहे. त्यांच्या माणसाला फोन केला होता मी. पत्ता सांगितला तर म्हणतो कसा, 'ओह, दॅट स्ट्रीट!' म्हणजे आम्हाला त्या लोकांत धरतात हे!"

"तेच तर बेकायदेशीर आहे, काका."

"मग! तुम्ही तुमच्या ऑफिसात सांगा ना, की आम्ही तसे नाही म्हणून. घर त्या वस्तीत असलं म्हणून काय झालं? माणसाचं कूळ बघायला नको?"

नवऱ्यानं चकलीचा तुकडा मोडला आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं, "कुळाचं कलम आहे काय गं तुमच्या कायद्यात?"

"नाही," मी म्हटलं. "वस्तीचं आहे. वस्ती बघून कुणालाच नाकारता येत नाही. काकांनाही नाही आणि काकांच्या शेजाऱ्यांनाही नाही."

"शेजाऱ्यांचं मी कुठे म्हणतोय?" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही नाही. कायदा म्हणतोय."

आता खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. ते वाटणं काही थोर नव्हतं. मनात असंही येऊन गेलं की काही करायची गरजच नाही. दोन दिवस 'बघते, विचारते' म्हणत राहायचं, मंगळवार आपोआप जाईल. साखळीची कडी तुटते तशी. काकू मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या, आणि त्या पडद्यांकडे वळल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मी उठले आणि कागद आणला. अर्जात काय लिहायचं ते मुद्द्यांनी लिहून दिलं: छप्पर, वायरिंग, घर गरम ठेवायची भट्टी, घर केव्हा दुरुस्त केलं. उद्या स्वतः जाऊन द्या, म्हटलं, टपालावर विसंबू नका.

"आणि मी तुमच्या अर्जाला हात लावू शकत नाही. ओळखीच्या माणसाची केस घ्यायची नाही, असा नियम आहे."

"छे छे, एवढी कुठे ओळख आहे आपली!" अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले.

त्या दिवशी ते बोलले त्यातलं एवढंच पूर्ण खरं होतं.

सोमवारी ते थ्री-पीस सुटात आले, मागे काकू. मी काचेच्या दारातून पाहत होते. त्यांनी आधी थेट खात्याच्या कमिशनरना भेटायचं म्हणून सांगितलं. खिडकीतल्या मुलीनं त्यांना नंबराचा बिल्ला दिला आणि बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर एक म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाई आधीच बसल्या होत्या. डोक्यावर चर्चला जातानाची टोपी, मांडीवर बुटांचं खोकं. अध्यक्ष त्यांच्यापासून एक जागा सोडून बसले. काकू मधल्या जागेत बसल्या.

मी सकाळीच प्रमुखबाईला सगळं सांगून टाकलं होतं, म्हणून अध्यक्षांचा अर्ज तिनं स्वतः घेतला. मी दिलेले मुद्दे अध्यक्षांनी वापरले नव्हते. चार पानं टाइप करून आणली होती. पणजोबांना मिळालेली सनद, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं सुवर्णपदक, पेशव्यांच्या दरबारातला मान, अमेरिकेत आजवर इमानेइतबारे भरलेला टॅक्स.

प्रमुखबाई चष्मा वर सारून माझ्या टेबलाशी आली. "हा पेशवा कोण? आपल्या राज्यात राहतो का?"

"नाही. वारला. बरीच वर्षं झाली."

"मग साक्षीला कशाला बोलावलाय?" तिनं पानं उलटली. "छपराबद्दल कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"वायरिंग?"

"नाही."

"घराच्या तक्रारीत घर सोडून सगळं आहे," ती म्हणाली. पण आवकचा शिक्का मारला, आणि तो नवव्या दिवसाचा होता.

मग तिनं टोपीवाल्या बाईंना बोलावलं. खोक्यातून पहिला कागद निघाला तो त्याच कंपनीचा, तेच एक वाक्य, शब्दाला शब्द. पत्ताही त्याच गल्लीतला. त्याखाली रबरबँड लावलेल्या पावत्या होत्या: छप्पर नवं केल्याची, भट्टी दर हिवाळ्याआधी तपासल्याची, तारा बदलल्याची. नवरा हयात असल्यापासूनचा विमा होता त्यांचा, एकही हप्ता चुकला नव्हता.

प्रमुखबाईनं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि त्या तिघांना आतल्या लहान खोलीत बसवलं. तिथे दोनच खुर्च्या होत्या. मी आणखी दोन नेऊन दिल्या. या प्रकरणातलं माझं अधिकृत काम एवढंच. पण दार उघडं होतं आणि माझं टेबल दारालगत.

"तुम्ही त्या दगडी घरातले ना?" म्हाताऱ्या बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "तुमचा पेपर रोज हिरवळीवर भिजत पडतो. मी येताजाता उचलून पायरीवर ठेवते."

"ओह," अध्यक्ष म्हणाले. पेपर आपोआप पायरीवर येतो, अशी त्यांची समजूत असावी.

प्रमुखबाई म्हणाली, "वेगवेगळं लढलात तर कंपनी दोघांना दोन वेगळी कारणं शोधून देईल. एकत्र आलात तर एकच कारण उरतं, आणि ते त्यांना तोंडानं बोलता येणार नाही. मी एक पानाचा जोडअर्ज करते. दोघांनी सह्या करा."

म्हाताऱ्या बाईंनी सही करून टाकली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. घातला. पुन्हा काढला.

"माझी केस थोडी निराळी आहे," ते म्हणाले.

"कशी?"

"म्हणजे... मी इंजिनिअर आहे."

"मी हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, ओळखी चालल्या आहेत.

तेव्हा काकू मराठीत बोलल्या, आणि चांगल्या मोठ्यानं. "सही करा हो! त्यांच्याकडे छपराची पावती आहे. तुमच्याकडे काय आहे? पेशवे?"

मी टाइपरायटरवर मान खाली घातली. थोड्या वेळानं डोकावून पाहिलं तर जोडअर्जावर दोन सह्या होत्या. अध्यक्षांची मोठी होती.

कंपनीनं आपली फाइल पाठवायला बरेच आठवडे घेतले. आली त्या दिवशी प्रमुखबाईनं सगळ्या विभागाला टेबलाभोवती बोलावलं. फाइलीत अध्यक्षांच्या घराच्या तपासणीचा अहवाल होता: इमारत धोकादायक, खिडक्या फळ्यांनी बंद, छपरातून झाड उगवलेलं. सोबत फोटोही होता आणि त्यात झाड स्पष्ट दिसत होतं. फक्त घर दगडी नव्हतं, लाकडी होतं, आणि तीन नव्हे, दोन मजली होतं. दोन गल्ल्या पलीकडचं, आगीत जळून ओसाड पडलेलं. फोटोच्या कोपऱ्यात मोटारीचा आरसाही आला होता. तपासनीस गाडीतून खाली उतरला नव्हता.

म्हाताऱ्या बाईंच्या घराचा फोटोच नव्हता. त्यांच्या अहवालात दोन शब्द होते: 'वरीलप्रमाणे'.

आम्ही पोट धरून हसलो. प्रमुखबाईही हसली. मग ती थांबली, तेव्हा आम्हीही थांबलो. तिनं खाली बसून कंपनीला पत्र लिहायला घेतलं. पुढच्या महिन्यात दोन्ही पॉलिसी चालू ठेवण्याचा हुकूम निघाला. कंपनीनं अपील केलं नाही. कारकुनाच्या हातून चूक झाली, असं कळवलं. जगातल्या सगळ्या चुका आमच्या जातीच्या माथी मारायची पद्धत आहे. कारकुनांच्या जातीच्या, म्हणतेय मी.

म्हाताऱ्या बाईंनी ही बातमी गल्लीत सांगितली. पुढच्या काही आठवड्यांत त्याच गल्लीतून आणखी सात जणांची पत्रं आली, काही त्याच कंपनीविरुद्ध, काही दुसऱ्या. ती माणसं माझ्या ओळखीची नव्हती, म्हणून ती सगळी प्रकरणं माझ्याकडे आली. पाच जणांचा विमा चालू राहिला. दोघांची मुदत उलटून गेली होती. त्या दोन पत्रांना मी स्वतः उत्तरं लिहिली, आणि ती लिहायला मला बाकीच्या पाचांपेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच सुमाराला आमचा फोन वाजला. दिवाळीचा कार्यक्रम अमुक दिवशी, अमुक हॉलमध्ये.

"दुरुस्त झाला वाटतं," नवरा म्हणाला.

आम्ही गेलो. मला अध्यक्षांचं भाषण ऐकायचं होतं, आणि ते वाया गेलं नाही. त्यांनी अर्धा तास आपल्या लढ्याची हकिकत सांगितली. एकटा मराठी माणूस एका बलाढ्य कंपनीला कसा भिडला, कमिशनरनी खुर्चीतून उठून हात कसा मिळवला, आपल्या पत्रातल्या इतिहासानं गोरे अधिकारी कसे थक्क झाले. पेशवे होते. टोपीवाल्या बाई नव्हत्या, बुटांचं खोकं नव्हतं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जागी बसलेली आमची प्रमुखबाई तर नव्हतीच. शेवटी त्यांना माझी आठवण झाली. "आपल्या मंडळाच्या एक भगिनीही तिथे नोकरीला आहेत. त्यांनी खुर्च्या आणून दिल्या." टाळ्या झाल्या. मी उभी राहून नमस्कार केला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

जेवणानंतर मी ताटं घेऊन हॉलच्या स्वयंपाकघरात गेले, तर काकू आत एकट्याच खरकटं काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोनच्या यादीतून तुमचं नाव मी काढलं होतं. यांनी नाही. मी."

"मला वाटलंच होतं."

"रागावली असशील."

"हो, काकू. खूप. तुम्हाला कंपनीनं तीस दिवस आधी कळवलं तरी."

त्यांनी एक ताट पुसलं. तेच पुन्हा पुसलं. "आता परत घातलंय नाव."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं कुणाला? यादी माझ्याच हातची आहे."

"मला विचारायचं होतं," मी म्हटलं.

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं, आणि एकही सबब पुढे केली नाही. एवढ्यापुरता मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. पुढच्या वर्षी आम्ही मंडळाची वर्गणी भरली नाही. तोवर आसपासच्या गावांतली आमची पाच कुटुंबं एकमेकांना सापडली होती. महिन्यातून एकदा पब्लिक लायब्ररीच्या एका खोलीत आम्ही जमत असू. तिथे कुणी मूळचं कुठलं, हे विचारायचं कारण पडत नसे, आणि जेवणात सावजी तिखट असे, त्यामुळे पाण्याच्या नळावर गर्दी होई ती खऱ्याच कारणानं.

काकूंचे फोन मात्र येत राहिले. मंडळातल्या बायका नवऱ्यांनी न वाचता ड्रॉवरमध्ये कोंबलेली विम्याची पत्रं काकूंना दाखवायच्या आणि काकू मला वाचून दाखवायच्या. कुणाचं तळघर पाण्यानं भरलेलं, कुणाच्या छतावर झाड पडलेलं. "मुदत किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न झाला होता. काकूंना इन्शुरन्सची भाषा माझ्या कुठल्याही सहकाऱ्याइतकी येऊ लागली. आम्ही दुसरं फारसं काही बोलत नसू.

दशक संपता संपता त्यांच्या मुलाला ॲरिझोनात, चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दोघं दगडी घर विकून तिकडे गेले. तिथून एका दुपारी काकूंचा फोन आला. नवीन घराच्या विम्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: पूर्वी कुठल्याही कंपनीनं तुमचा विमा रद्द केला आहे का, किंवा पुढे चालू ठेवायला नकार दिला आहे का?

"यांनी 'नाही'वर खूण केलीय," काकू म्हणाल्या. "म्हणतात, शेवटी दिलाच ना त्यांनी, मग नकार कसला? आपल्यात नाकारण्यासारखं काही नव्हतंच."

"काकू, खोटं लिहून विमा घेतला तर कंपनीला तो रद्द करता येतो. आमच्या राज्यात तरी."

"आणि इथे?"

"तिथला कायदा मी वाचलेला नाही."

मागून अध्यक्षांचा आवाज येत होता. आपली प्रतिष्ठा, नव्या गावात पहिल्याच कागदावर शोभा, असं काहीतरी. काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवला असावा, कारण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कागद फाडल्याचा आवाज आला.

"दुसरा फॉर्म होता माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यावर 'हो' लिहिते. खाली एका ओळीत काय ते सांग."

मी ओळ सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि मला वाचून दाखवली. पंधरा दिवसांत पॉलिसी आली. ते 'हो' वाचून त्या कंपनीत कुणाला काही वाटलं नाही. अध्यक्षांना मात्र महिनाभर वाटत राहिलं, असं काकू सांगत होत्या.